वडील शून्य टक्के दिव्यांग असल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय, बीड.

अर्जदार : सुग्रीव आबासाहेब पोकळे, सहशिक्षक, रा. वाघजाईवाडी, ता. जि. बीड.

विषय : अर्जदाराचे वडील श्री. आबासाहेब पोकळे, वय ७१, हे शून्य टक्के दिव्यांग असल्याचा दाखला माघ पौर्णिमेपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आयकर विभागाकडून डिसेंबरमध्ये अर्जदाराच्या मोबाईलवर आलेला संदेश.
२) वडिलांचा तोंडी आदेश (रोज सकाळी, चहापूर्वी).

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आपल्या कार्यालयात आजवर दिव्यांग असल्याचा दाखला मागणारे हजारो आले असतील. नसल्याचा दाखला मागणारा अर्जदार बहुधा पहिलाच आहे, याची त्यास जाणीव आहे. तरी सदर मागणीचा उगम आयकरात असल्याने प्रकरण मुळापासून मांडणे भाग आहे.

१. गेल्या ऑगस्टात अर्जदारापुढे असा पेच पडला की, वर्षाचे आयकर विवरणपत्र सॉफ्टवेअरने भरावे की कर सल्लागाराकडून भरून घ्यावे. अर्जदाराची पत्नी सौ. दीपमाला या अंगणवाडी पर्यवेक्षिका असून त्या स्वतःचे विवरणपत्र तीन वर्षांपासून घरी बसून सॉफ्टवेअरवर भरतात. त्यांच्या आग्रहावरून अर्जदारही एका रविवारी लॅपटॉपसमोर बसला. सदर सॉफ्टवेअर फार विचारते. घर कोणाचे, भाडे देता का, ठेवी किती, विमा कोणाच्या नावावर, घरात कोणी दिव्यांग आहे का, असे ते विचारीतच राहिले. पोरीचं स्थळ बघायला आलेली माणसंसुद्धा इतकी चौकशी करीत नाहीत. दीड तास उत्तरे देऊन झाल्यावर मुदत ठेवीचे व्याज धरून त्याने सांगितले की, अजून सहा हजार चारशे रुपये भरा. त्यात चहा नाही की पाणी नाही. अर्जदाराने लॅपटॉप मिटला.

२. शाळेतील इतर शिक्षक शहरातील एका कर सल्लागाराकडे जातात. त्यांचे नाव विजयसिंह. आडनाव व दुकानाचे नाव अर्जदार येथे नमूद करीत नाही, कारण ते अर्जदाराच्या साडूचे वर्गमित्र आहेत आणि घरात आधीच पुरेसे झाले आहे. अर्जदार त्यांच्याकडे गेला. त्यांनी खुर्ची दिली, स्पेशल चहा मागवला, आणि एकही प्रश्न विचारला नाही. अर्जदाराने काही कागद दाखवण्याचा प्रयत्न केला असता ते म्हणाले, "सर, कागद ऱ्हाऊ द्या. तुमी फकस्त ओटीपी सांगा." अर्जदाराने ओटीपी सांगितला. चहा संपायच्या आत काम संपले. महिनाभराने अर्जदाराच्या खात्यावर एक्केचाळीस हजार रुपये परतावा जमा झाला.

अर्जदार सव्वीस वर्षे मुलांना "आधी प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा" असे शिकवत आहे. तरीही हे पैसे कशाचे, असा प्रश्न त्यास पडला नाही, ही बाब तो कबूल करतो. त्या पैशांतून त्याने सोफा घेतला. सौ. दीपमाला यांनी विचारले की मशीन म्हणतं भरा आणि माणूस म्हणतो घ्या, हे कसं? तेव्हा अर्जदाराने उत्तर दिले, "अनुभव असतो अगं त्यांना."

३. डिसेंबरात संदर्भ क्र. १ चा संदेश आला. आपण घेतलेल्या वजावटी तपासून पाहा, चुकीच्या असल्यास महिनाअखेरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरा, असा त्याचा आशय होता. अर्जदाराने तातडीने विजयसिंह यांना फोन केला असता त्यांनी धीर दिला तो असा : "आहो सर, सगळ्यांलाच आलाय त्यो मेसेज. तुमी एकलेच कावून घाबरता?" सगळ्यांना आला आहे हे ऐकून अर्जदार अधिकच घाबरला.

४. त्या संध्याकाळी सौ. दीपमाला यांनी अर्जदाराच्या नावे भरलेले विवरणपत्र उघडून एकेक ओळ मोठ्याने वाचली. त्यातून अर्जदारास स्वतःविषयी पुढील माहिती प्रथमच समजली. अर्जदार दरमहा बारा हजार रुपये घरभाडे भरतो. ते भाडे तो ज्यांना देतो ते घरमालक म्हणजे त्याचे वडील. तेच वडील पोटापाण्यासाठी पूर्णपणे अर्जदारावर अवलंबून आहेत. आणि ते ऐंशी टक्के दिव्यांग आहेत.

वडील त्या वेळी सोफ्यावर बसून शेंगा खात होते. त्यांनी विचारले, "ऐंशी टक्के म्हंजी किती?"

सौ. दीपमाला म्हणाल्या, "मामा, दहातले आठ."

वडिलांनी स्वतःच्या हातापायांकडे पाहिले. "मंग दोन कोनते ऱ्हायले?"

वडील उठले आणि खाली सतरंजीवर जाऊन बसले. "माज्या अपंगपनाचा सोफा हाय त्यो. मी न्हाई बसनार," असे ते म्हणाले, व आजतागायत बसलेले नाहीत.

महोदय, वडिलांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तरुणपणी त्यांनी नारायणगडाच्या जत्रेत कुस्त्या मारल्या. गेली एकोणीस वर्षे आमच्या गावच्या वाघजाईच्या माघ पौर्णिमेच्या यात्रेत कुस्त्यांचे पंच तेच असतात. अपंग म्हटल्याचा त्यांना राग नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, "जे न्हाई ते कागदावर कुनी लिहिलं, आन तू सही कशी केली?" सही केली नाही, ओटीपी दिला, असे अर्जदाराने सांगून पाहिले. त्याने काही फरक पडला नाही.

५. अर्जदाराने त्याच रात्री सॉफ्टवेअर पुन्हा उघडले. या खेपेस त्याचे सर्व प्रश्न वाचले आणि खरी उत्तरे दिली. एका ठिकाणी अडल्यावर दुसऱ्या दिवशी शहरातील एका सनदी लेखापाल बाईंचा सल्ला पैसे मोजून घेतला. त्यांनी सॉफ्टवेअरपेक्षाही जास्त प्रश्न विचारले. तेव्हा कुठे अर्जदाराच्या लक्षात आले की, निवड माणूस की मशीन अशी नव्हतीच. सौ. दीपमाला यांच्या शब्दांत, "इचारणाऱ्याला घाबरायचं का न इचारणाऱ्याला, एवढंच बघायचं असतं." मुदत ठेव मोडून परतावा व बाकीचा कर व्याजासह शासनजमा केला आणि सुधारित विवरणपत्र मुदतीत दाखल केले. आयकरापुरते प्रकरण तेथे मिटले.

६. वडिलांपुरते मिटले नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने एकटेच शहरात गेले. विजयसिंह यांच्या दुकानात त्या वेळी दहा-बारा गिऱ्हाइके होती. वडिलांनी विजयसिंह यांना विचारले, "मला वळखलं का? मी आबासाहेब पोकळे. ऐंशी टक्के." असे म्हणून त्यांनी विजयसिंह यांना खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, आणि नमस्कार करून ते निघून आले. कोणासही इजा झालेली नाही. चहाचे दोन कप फुटले, त्याची भरपाई अर्जदाराने दिली आहे.

तथापि त्या दहा-बाराजणांनी बातमी अर्धीच घरी नेली. खुर्चीचे राहिले मागे, आणि आबासाहेब सरकारदरबारी ऐंशी टक्के अपंग लागले एवढेच पंचक्रोशीत पसरले. यात्रा कमिटीचे अध्यक्ष श्री. सुंदरराव घरी आले. सतरंजीवर वडिलांशेजारी बसून ते फार अदबीने बोलले. "आबा, आमचा तुमच्यावर लई इस्वास हाय. पन कागद तो कागद. उद्या आखाड्यात पळता पळता तुमाला काय झालं, तर लोक म्हनतील अपंग मानसाला पंच केलं. जबाबदारी कोनाची?" कागद बदलला आहे, असे अर्जदाराने सांगितले. त्यावर ते म्हणाले, "त्यो आयकराचा. आमाला डागदराचा पायजे."

अर्जदाराने गावाजवळच्या एका खासगी डॉक्टरांकडून वडील तंदुरुस्त असल्याचे लिहून आणले. वडिलांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "ह्याच्यात टक्के कुठं हाईत? त्यानं टक्के लिहिलं व्हतं. टक्क्याला टक्का पायजे. शून्य तर शून्य."

७. त्यानुसार अर्जदार वडिलांसह गेल्या बुधवारी आपल्या कार्यालयात आला. खिडकीवरील भगिनींनी सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली. शून्य टक्क्यांचा नमुना अर्ज उपलब्ध नाही, तरी साहेबांच्या नावे साधा अर्ज द्यावा, असे त्यांनी सौजन्याने सुचवले. सदर अर्ज हा तोच होय. तो अर्जदार व्हरांड्यातील बाकावर लिहावयास बसला असताना पुढील प्रकार घडला.

शेजारी भामाबाई सोनवणे नावाच्या बाई बसल्या होत्या. त्या शेजारच्याच गावच्या. सात वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला आहे. वडिलांनी त्यांना विचारले, "ताई, तुमचे किती टक्के?"

"मला काय म्हाईत दादा," त्या म्हणाल्या. "कागदच न्हाई. आदी मोबाईलवर फारम भरा म्हनत्यात. मला लिव्हता येत न्हाई, आन हात ह्यो असा. एकाला पाचशे दिलते, त्यो परत दिसलाच न्हाई."

वडिलांनी अर्जदाराच्या हातातला कागद काढून घेतला. "माजं खोटं ऐंशी टक्के चहा प्येता प्येता झालं. हिचं खरं सात वर्स व्हईना. तू मास्तर हाईस ना? भर तिचा फारम."

अर्जदाराने तेथेच मोबाईलवर भामाबाईंचा ऑनलाइन अर्ज भरला. पाऊण तास लागला. प्रत्येक रकाना त्यांना वाचून दाखवला, विचारल्याशिवाय एकही भरला नाही. ओटीपी आला तेव्हा तो कशासाठी आहे हे आधी त्यांना समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "इतकं तर मला लग्नातबी कुनी इचारलं न्हवतं." व्हरांड्यातले सगळे हसले, वडील सगळ्यांत जास्त.

८. सबब विनंती की, येत्या बुधवारी भामाबाई सोनवणे यांची तपासणी व्हावी. तपासून जो आकडा निघेल तोच लिहावा, कमी नको की जास्त नको. अर्जदाराच्या वडिलांच्या शून्य टक्क्यांचा विचार त्यानंतर, साहेबांस सवड मिळेल तेव्हा करावा. हा क्रम अर्जदाराचा नसून वडिलांचा आहे. माघ पौर्णिमा उलटली तर यंदाच्या यात्रेत पंच दुसरा होईल, हे त्यांच्या निदर्शनास आणून दिले. ते म्हणाले, "व्हऊ दे. कुस्ती पडायची थांबत न्हाई."

बुधवारी भामाबाईंना एसटीने घेऊन वडील स्वतः येतील. त्या दिवशी रांग मोडून कोणी पुढे घुसू पाहिल्यास व त्यास खुर्चीसकट उचलले गेल्यास, ती बाब दाखल्यासाठी पुरावा म्हणून ग्राह्य धरावी, ही विनंती.

आपला नम्र, व यापुढे वाचूनच ओटीपी देणारा,

सुग्रीव आबासाहेब पोकळे
दिनांक : १९ जानेवारी २०२६
ठिकाण : बीड

सोबत :
१) भामाबाई सोनवणे यांच्या ऑनलाइन अर्जाची पावती (वरच्या बाजूस लावली आहे).
२) सुधारित विवरणपत्राची प्रत.
३) खासगी डॉक्टरांचा दाखला (टक्के नसलेला).