नुसता रस्सा

गुरुवार, संध्याकाळ

आज जीव नकोसा झाला. वॉर्डातल्या डायलिसिसवरच्या आजोबांना मटण द्यायचं नाही, हे त्यांच्या घरच्यांना किती वेळा सांगितलं असेल मी! तरी आजी गडमुडशिंगी गावाहून डबाभर पांढरा रस्सा घेऊन आल्या. मी चिडलेच.

"मटण कुठं हाय मॅडम? फोडी पोरांनी खाल्ल्या की. ह्यो नुसता रस्सा हाय, ताकदीला."

पायाला सूज, पाणीसुद्धा मोजून... आणि रस्सा? डबा काढून घेतला. आजोबा डब्याकडेच बघत राहिले.

"मग काय घालू खायाला, ते तरी सांगा की," आजी म्हणाल्या.

आहारतज्ज्ञ ना मी? सांगायला तोंड उघडलं, तर पहिलं वाक्य निघालं तेही नकाराचंच, "मीठ अजिबात नको."

आजींनी माझ्या हातातला डबा घेतला आणि झाकण लावलं.