आठ मिनिटं आधी

प्रिय काका,

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. काल काकूंनी तुमचं स्टॉपवॉच आणि वही माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "भैया, आता तुम्हीच सांभाळा. घरी नुसतं पडून राहिलं आहे." रविवारी सदर भागातल्या रस्त्यावर आपल्या पळण्याच्या क्लबची हँडिकॅप शर्यत. कोणाला किती आधी सोडायचं, ते आता मी ठरवायचं! म्हणून लिहायला बसलो.

आमच्या गावच्या शाळेत सगळी मुलं चुन्याच्या एकाच रेषेवरून सुटायची. तुमच्याकडे हळू पळणारा आधी सुटणार, वेगाचा शेवटी, म्हणजे सगळे साधारण एकत्र पोचावेत. मला ते नवीन होतं, आणि मी आधी त्यातली पळवाट शोधली. कोणाला किती आधी सोडायचं ते ज्यावरून ठरायचं, त्या चाचणीच्या दिवशी मुद्दाम रेंगाळत पळालो.

"काहून रे, दम लागला?" तुम्ही विचारलंत.

"हो काका."

"अच्छा." वहीत काहीतरी लिहिलंत आणि शर्यतीत मला आठ मिनिटं आधी सोडलंत. मी पहिला आलो. बक्षिसाचा स्टीलचा डबा तुम्ही हसत हातात दिलात. त्यात मी देवाच्या वाती ठेवत आलो.

पुढच्या शर्यतीला म्हणालात, "आज माझ्यापाशी उभा राहा. सगळ्यात शेवटी सूट." मला रागच आला होता. पण तुम्ही एकेकाला सोडताना हळूच सांगत होतात, "या दीदींचा गुडघा दुखून राहिला, त्यांना चार मिनिटं. मास्तरांना बायको गेल्यापासून झोप नाही, त्यांना दोन जास्त." घड्याळापेक्षा तुम्ही माणसांच्या तोंडाकडेच जास्त पाहत होतात.

त्या दिवशी मी सहावा आलो. शेवटच्या वळणावर आम्ही सगळे एकाच घोळक्यात, मास्तर माझ्या एक पाऊल पुढे. पहिला आलो तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. पूजेला बसून 'मला पुढे ने' म्हणायचो, ते मागणं तेव्हापासून सुटलं.

काल वही उघडली. माझ्या चाचणीसमोर तुमच्या अक्षरात दोनच शब्द होते: कपाळ कोरडं.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं! मग बोलला का नाहीत, काका? चारचौघांत एक शब्द बोलला असतात, तर मी क्लबात परत पाऊल टाकलं नसतं. तेही कळलं होतं का?

रविवारी घड्याळ सुरू करण्याआधी मी त्या चाचणीचं सगळ्यांना सांगेन. डबा घासून ठेवला आहे. जो पहिला येईल, त्याला देईन. वाती वाटीत राहतील.

सगळ्यांना सोडून मग सुटणारा,
तुमचा दिगंबर