निंबाच्या फळीवरचं वजन

कामिनी,

खानदेशात आजपासून बर्फ हटवण्याचं युग सुरू झालं आहे! म्हणजे शेजारच्या निंबाने जुन्या ट्रॅक्टरमागे रान सपाट करायची फळी बांधली आणि सकाळपासून तो रात्रीच्या गारपिटीत रस्त्यावर साचलेल्या गारा ओढतोय.

फळी हलकी, म्हणून वजनाला तिच्यावर माणूस उभा करतात. निंबाचा माणूस म्हणजे त्याचा धाकटा भाऊ भुरा, आणि भुरा दिवाळीत वारला. तरी निंबा समोर बघतच दर वळणावर ओरडतोय, "भुरा, घट्ट धरीसन उभा ऱ्हाय!"

रिकामी फळी गारांवरून नुसती घसरायला हवी. गच्चीवरून पाहिलं, तर मागचा रस्ता डांबर दिसेपर्यंत साफ. फळीची उजवी बाजू दबलेली आहे. भुरा उजवीकडेच उभा राहायचा.

आता दुपार कलली. मागे वळल्यावर फळी रिकामी दिसली, तर निंबा पुन्हा सावरायचा नाही. म्हणून तू नको म्हणशील, तरी मी फळीवर उभा राहायला जातोय. डावीकडेच राहीन, कोणाची अडचण नको.

तुझे गुलाबी गमबूट घातलेत. कोणी विचारलं तर नानांचेच आहेत म्हणून सांग.

— नाना