लेबलवर तुझं नाव

किंग्स्टन,
१४ सप्टेंबर १९६८

प्रिय अल्व्हन,

तू बरा असशील, बर्मिंगहॅमचं कामही टिकून असेल, असं धरून लिहितेय. तार मिळाली असेलच. आईला गुरुवारी पुरलं. ऑस्बर्न माझा हात धरून उभा होता. मला अजून काही खरंच वाटत नाही.

तू गेल्यावर आपलं गाण्याचं त्रिकूट लंगडंच झालं. तरी जूनमध्ये आपल्या रेकॉर्ड काढणाऱ्या मिस्टर पिनॉकनी मला नि ऑस्बर्नला स्टुडिओत बोलावलं. चाल नवी, संथ, खाली बास गिटारचे ठोके. वर त्यांना तुझा तो रडवेला सूर हवा होता, अमेरिकन सोल गायक ऐकून ऐकून तू उचललेला. तो मी गायले. काचेपलीकडून पिनॉक ओरडले, "पोरी, हा तर हुबेहूब तुझा भाऊ!" रेकॉर्डच्या लेबलवर आपल्या तिघांची जुनीच नावं छापली, तुझंसुद्धा. आईला या रेकॉर्डचं मी अजून सांगितलं नव्हतं.

गेल्या रविवारी आई नारळाच्या दुधातला राजमा-भात करत होती. शेजारच्या मिस आयव्हीच्या रेडिओवर ते गाणं लागलं. आईचा हात थांबला.

"हा आपला अल्व्हन ना गं?"

"हो," मी म्हटलं. वाटलं, थोडी गंमत करू, मग सांगू. पण ती म्हणाली, "म्हणजे परत आलाय! आणि लाजतोय घरी यायला!" दोन वर्षांत तुझं एक पत्र नाही, अल्व्हन. तिचा तो चेहरा पाहून वाटलं, आज नको. म्हटलं, उद्या सांगेन.

सोमवारी मी कामावर गेल्यावर ती डब्यात भात भरून भर उन्हात स्टुडिओपर्यंत चालत गेली. फाटकावरच्या माणसाला म्हणाली, "माझ्या मुलाला बाहेर बोलाव. सांग, आई रागावलेली नाही."

तो बिचारा हसला. "अल्व्हन कुठला, मावशी? तो इंग्लंडात. ते तर तुमच्या लेकीनं गायलंय."

आई पायरीवर बसली. "मग मर्लीन मला 'हो' का म्हणाली?" एवढंच बोलली, असं तो सांगतो. मी धावत पोचले तेव्हा तिच्या अंगावर चादर होती.

तारेत मी फक्त 'हृदय बंद पडलं' लिहिलं. डॉक्टरही तेच म्हणतात. बाकीचं ऑस्बर्नलासुद्धा माहीत नाही.

पिनॉक दुसरं गाणं मागताहेत. मी तोंड उघडते, आवाज फुटत नाही.

मला शिव्या दे, पण लिही. या घरात तुझी वाट बघणारी आता मी एकटीच उरलेय.

तुझी अपराधी बहीण,
मर्लीन