पुरणाच्या दिवशी नॅकर्ड

लीड्स, १० ऑगस्ट २०२५

ती. उत्तराआत्यास, शि. सा. न.

सूज उतरली की लीड्सला येईन, असं लिहितेस. पण दर महालक्ष्म्यांना दिवसभर उभी राहतेस आणि पाय पुन्हा सुजतात. मागच्या वर्षीचं तिकीट त्यातच रद्द झालं. या वेळी ऑक्टोबरचं काढायचं आहे. डॉक्टरांनी बजावलंय, तुमच्याकडे मात्र लक्ष्म्या जेवेपर्यंत दमले म्हणायचीही बंदी.

म्हणून एक शब्द पाठवते: नॅकर्ड. माझ्या वॉर्डात दिवसभर कानावर पडतो. पार गळून गेलेला, असा अर्थ. म्हातारे, निकामी घोडे विकत घेऊन कापणारा तो नॅकर, त्यावरून आला. अर्जात लिहीत नाहीत, साहेबासमोर जपून. बरोबरीच्यांत म्हणावा, लगेच कुणीतरी खुर्ची सरकवतं, चहा आणतं. सुरुवातीला मी ठीक आहे म्हणत राहिले आणि उभीच राहिले.

शब्द मराठी नाही, म्हणजे बंदीत बसत नाही. म्हणशील ना?

काकांना नमस्कार. रागावलीस तरी लिही.

तुझी,
चिन्मयी


नागपूर, ३ सप्टेंबर २०२५

चि. चिन्मयीस, अनेक आशीर्वाद.

म्हटलं.

पुरण शिजलं होतं, भाज्या निम्म्या व्हायच्या होत्या. पाय जड झाले. वच्छलावहिनींसमोर, म्हणजे थोरल्या जाऊबाईंसमोर, मी नॅकर्ड आहे म्हणाले आणि पाटावर बसले. हे काय असतं, त्यांनी विचारलं. लीड्सच्या दवाखान्यात म्हणतात, एवढंच सांगितलं. सोवळ्यात कसाई कशाला?

दवाखाना ऐकताच त्यांनी तुझ्या काकांना पेपरावरून उठवलं, आंघोळीला पाठवलं आणि पुरणयंत्र हाती दिलं. पुरण भरभरीत झालं. लक्ष्म्यांनी चालवून घेतलं. भांडी घासता घासता प्रयागबाई म्हणाली, मलेबी तोच आजार हाये वं बाई. तिलाही चहा मिळाला.

नैवेद्याला अवकाश होता. वच्छलावहिनी माझ्या शेजारी येऊन टेकल्या. लग्न होऊन आल्यापासून या दिवशी त्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो शब्द हळूच म्हणून पाहिला. मग मोठ्याने म्हणाल्या.

काल महालक्ष्म्या उठल्या. आज सकाळी चप्पल घातली, सहज चढली. तिकीट काढ. घोड्याचं वहिनींना विमानतळावरून कळवीन.

माया आहे तशीच ठेव, खुर्ची तेवढी आधीच सरकवून ठेव.

तुझी,
उत्तराआत्या