लादीवरचे दोनशे मीटर

४ मे
करोनानं तलाव बंद होऊन त्रेचाळीस दिवस! आणि संघाच्या मानसतज्ज्ञ बाई व्हिडिओवर सांगतात — "डोळे मिट. उताणी हो. पाण्याचा आवाज ऐक." ऐकला. आईचा मिक्सर होता.

७ मे
रोज लादीवर उताणं पडायचं, हातात स्टॉपवॉच, आणि मनातल्या मनात दोनशे मीटर बॅकस्ट्रोक. बरोबर २:१३ ला भिंत लागली पाहिजे. आज दीडशेवर होते, तर बाबा ओल्या कपड्यांची बादली घेऊन मला ओलांडून गेले! "तुझं चालू दे गं, मी आपला कडेकडेनं जातो." कडेकडेनं! थेंब थेट तोंडावर. पुन्हा पहिल्यापासून.

११ मे
पोहले नाही. नुसती पडले.

१६ मे
स्पर्धेसाठी निवड चाचणी ठरली — २ जून. जागा एकच. म्हणजे मी, नाहीतर लंबू. नऊ वर्षं शेजारच्या लेनमध्ये ती, हात माझ्यापेक्षा चार बोटं लांब. बाईंना म्हटलं, डोळे मिटले की तीच दिसते. "तिला पुसून टाक. तुझी लढत तुझ्याशीच आहे." डोंबल माझं! मागच्या दोन चाचण्यांत तिच्या मागे राहिले, ते काय स्वतःच्याच मागे?

१७ मे
लंबूचा फोन. "तूही लादीवरच का गं?"
"मग काय! तुला बाईंनी काय सांगितलं?"
"तुला पुसून टाकायला."
पोट दुखेपर्यंत हसलो दोघी. मग आई हाक मारतेय म्हणून मी फोन ठेवला. जागा एकच.

२९ मे
शिबिरात आलो. प्रत्येकीला वेगळी खोली, दाराबाहेर जेवणाचा डबा. सकाळी तासभर तलाव मिळाला. हात शिशाचे झालेत. शेवटच्या पन्नासात दम तुटला. लंबू मात्र सरसर गेली — मेली हसतेय वर! सायंकाळी बाईंचं पुन्हा तेच, "शांत वाटतंय ना?" फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

३१ मे
नाकात काडी घालून सगळ्यांची तपासणी. उद्या रिपोर्ट.

१ जून
लंबू पॉझिटिव्ह. तिला दुपारीच हलवलं. चाचणी पुढे ढकलणार नाहीत, म्हणजे जागा माझी.
तिनं फोन केला. आवाज बसलेला. "जा, मस्त पोह." मी म्हटलं, "काळजी घे गं."
इथे तरी खोटं कशाला लिहू? बातमी कळली तेव्हा आधी मला आनंद झाला.