तिसऱ्या पलटणीची पोच

२ डिसेंबर १९४८
आज राष्ट्रवादी सैन्याच्या जनरल मंग साहेबांच्या मुख्यालयात वायरलेसवर रुजू झालो. पळून गेलेल्या एका गिरणीवाल्याचं घर आहे; भिंतींत अजून गव्हाचा वास. उबदार खोली, वाफवलेले पाव, कोबीचं सूप. झकास! सेटवरचे जुने हवालदार हुओदादा म्हणाले, "नशीबवान आहेस, थान. पुढच्या फळीत सूप गोठतं, माणूसही." आणखी एक आनंद : नदीवरच्या पुलावर तिसरी पलटण आहे आणि तिचा वायरलेसवाला म्हणजे माझा शाळेतला निंग! संदेशाच्या शेवटी गाढवानं घुसडलंच, "थान्या, अजून घोरतोस का?"

५ डिसेंबर
कम्युनिस्टांनी पूल घेरला. तिसऱ्या पलटणीनं माघारीची परवानगी मागितली. मंग साहेब बराच वेळ नकाशापुढे उभे होते. पूल हातचा गेला तर बाकीचं सैन्य मागे घेता येणार नाही. मग त्यांनी सांगितलं : जागा सोडू नका, मदत निघाली आहे. कोणती तुकडी, असं मी विचारलं. "तू फक्त पाठव." पाठवलं. निंगनं विचारलं, खरंच? मी हो म्हटलं. एकही माणूस निघाला नव्हता.

७ डिसेंबर
सैन्य मागे आलं, पण दक्षिणेकडूनही वेढा पडलाच. हुओदादा गस्तीबरोबर पुलापर्यंत जाऊन आले. तेराशे माणसं, सगळी बर्फात. निंग सेटवरच पडलेला. हात गोठून लाकूड झालेला. शत्रूला मिळू नये म्हणून दादांनी तो सेट फोडला. मला आज जेवण गेलं नाही.

९ डिसेंबर
दुपारी दोनला तिसरी पलटण बोलली. "जागेवर आहोत. मदत कुठे?"
मोर्सचे ठोके निंगच्याच हातचे. शंभरांत ओळखीन. दादा म्हणाले शत्रूचा डाव आहे, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी साहेबांना सांगितलं, तिथं कुणी जिवंत नाही. ते म्हणाले, मला माणसं हवीत, कुठलीही. आदेश दिला : पूल सोडा, वेढा फोडून मुख्यालयाकडे या.

१० डिसेंबर
उत्तरेला, पुलाच्या बाजूला गोळीबार. मग एकदम बंद. शत्रूचे सैनिक खंदक सोडून पळतायत, किंचाळत. आमच्या पहारेकऱ्यानं दुर्बीण लावली. पहारा सोडून आत आला; पुन्हा बाहेर जायला तयार नाही.
संदेश : "तीन मैल."

११ डिसेंबर, सकाळ
बॅटरी कालच मेली. तरी सेट बोलतोय.
दादा पळाले. मला म्हणाले, चल. मी थांबलो — निंगला सांगायचं होतं. पाठवलं : मदत नव्हतीच. मला माहीत होतं. माफ कर.
उत्तर, निंगच्याच ठोक्यांत : "आम्हालाही माहीत होतं. आमचा वायरलेसवाला मेलाय. दुसरा द्या."

दुपार
साहेबांनी सही केली. माझी बदली, तिसऱ्या पलटणीत. म्हणाले, एकही जण पळाला नाही त्यांचा, अशा पलटणीला नाही कसं म्हणू. आदेश माझ्याच हातानं पाठवायला लावला —
पोच आली. "घ्यायला आलो."
अंगण भरलंय. एवढी थंडी, एवढी माणसं, आणि एकाच्याही तोंडून वाफ नाही — साहेब सलाम ठोकून उभे — निंग पायरी चढतोय, हातमोजा काढतोय, म्हणतोय, थान्या, चल, तुझी जागा —